शिडी बंद, गोळी चालू

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर कोण चढते?

हा प्रश्न मी आता दवाखान्यात येणाऱ्या, साठी उलटलेल्या प्रत्येक रुग्णाला विचारतो. भूक कशी आहे, झोप लागते का, पोट साफ होते का, या नेहमीच्या प्रश्नांच्या रांगेत तो सर्वांत शेवटी येतो. पुष्कळांना तो चमत्कारिक वाटतो, काही जण हसतात. मी एम.बी.बी.एस. होऊन व्यवसायाला लागलो त्याला तीस वर्षे होत आली. त्यांतली पहिली सव्वीस-सत्तावीस वर्षे हा प्रश्न मला कधी सुचला नाही. तो कसा सुचला आणि त्यापायी आमच्या गॅरेजमध्ये सामान वर-खाली करणारा एक घरगुती पाळणा कसा उभा राहिला, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

कऱ्हाडला आमचे घर आणि दवाखाना एकाच आवारात आहेत. शेजारी मोटारीसाठी वडिलांनी बांधलेले गॅरेज आहे. १० फूट रुंद, १८ फूट लांब आणि वरचा स्लॅब १२ फुटांवर. मागच्या भिंतीला ९ फूट उंचीवर एक रुंद माळा होता. जे फेकवत नाही आणि रोज लागतही नाही, ते सारे त्या माळ्यावर जाई. गणपतीचे मखर, आकाशकंदील, आईचे तांब्याचे घंगाळ, गाद्या-रजयांची ट्रंक, मुलीची शाळेपासूनची पुस्तके, वडिलांच्या कागदपत्रांच्या पेट्या. वर्षातून चार-पाच वेळा त्यांतले काही तरी खाली यावयाचे आणि पुन्हा वर जावयाचे.

माळ्यावर नाना चढत. नाना आमचे कंपाउंडर. मी दवाखाना उघडला त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. माळ्यावर चढणे हे त्यांच्या कामांपैकी एक आहे, असे कोणी कधी ठरवले नव्हते. पहिल्या वर्षी गणपतीच्या आधी मी म्हणालो, "नाना, जरा तेवढे मखर काढता का?" आणि ते चढले. पुढे तो जणू रिवाजच होऊन गेला. मखर म्हटले की नाना शिडी आणीत. मी खाली उभा राहून शिडी धरीत असे आणि एवढ्याने आपला वाटा उचलला असे मला वाटत असे.

तीन वर्षांपूर्वीचा शेवटचा श्रावणी सोमवार. नानांचा उपवास होता. दुपारी दवाखाना बंद करून आम्ही गॅरेजमध्ये गेलो. नाना शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. मान मागे टाकून आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी मखराची पेटी पुढे ओढली. मी शिडी धरलीच होती. शिडी हललीही नाही. हलले ते नाना. त्यांचे हात सैल पडले, पेटी माझ्या खांद्याला घासून खाली गेली आणि पाठोपाठ ते उजव्या हातावर कोसळले. कपाळ मोटारीच्या बॉनेटच्या कडेला लागले.

मनगटाच्या थोडे वर हाड मोडले होते. कपाळावर टेंगूळ आले होते. शुद्ध गेली नव्हती, तरीही मी मेंदूचा सी.टी. स्कॅन करून घेतला. तो सुदैवाने स्वच्छ निघाला. अस्थिरोगतज्ज्ञांनी हाड बसवून सहा आठवड्यांचे प्लॅस्टर घातले. सर्वांनी एकमेकांना धीर दिला, थोडक्यात निभावले असे म्हटले. नानांनाही तसेच वाटत होते. मी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो की, पाय घसरला का? ते म्हणाले, "न्हाई साहेब, पाय न्हाई घसरला. डोळ्यापुढं एकदम अंधारी आली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नऊ दिवसांपूर्वी नानांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी एक गोळी मीच सुरू केली होती. ही गोळी लघवीच्या मार्गाभोवतीचे स्नायू सैल करते, त्यामुळे लघवी सुकर होते. पण काही जणांत ती रक्तवाहिन्याही सैल करते. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब खाली येतो आणि क्षणभर मेंदूला रक्त कमी पडते. पहिल्या काही दिवसांत हे अधिक संभवते. नानांना रक्तदाबाची गोळी आधीपासून होतीच, तीही माझीच. त्यात उपवास, पोटात सकाळपासून दोन कप चहा, आणि पत्र्यासारखे तापलेले गॅरेज.

दोन दिवसांनी मी त्यांचा रक्तदाब नीट मोजला. पाच मिनिटे आडवे झोपवून वरचा आकडा १३८ आला. उभे केल्यावर तीन मिनिटांनी तो ११२ होता. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर आम्ही डॉक्टर मंडळी त्याची दखल घेतो. येथे तो २६ उतरला होता. ही सारी तपासणी आठ मिनिटांची आहे. गोळी लिहून देण्याआधी ती मी केली नव्हती. "अंथरुणातून सावकाश उठत जा," एवढे मी नानांना सांगितले होते. शिडीवर चढू नका, हे सांगितले नव्हते. माळा माझा होता, म्हणून तो मला दिसला नाही.

हे नानांना सांगावे की न सांगावे, यात माझे चार दिवस गेले. त्यांनी मला कधी दोष दिला नसता. त्यांना तो माहीतच नव्हता. न सांगणे सोपे होते. पाचव्या दिवशी दवाखाना संपल्यावर त्यांना समोर बसवले आणि सारे सांगितले. गोळीचा परिणाम, न केलेली तपासणी, आणि अशा अवस्थेत त्यांना मीच शिडीवर चढवले हेही. शेवटी म्हणालो, "नाना, ती गोळी आपण आजपासून बंद करू."

नाना थोडा वेळ प्लॅस्टरमधल्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, वर्षभर मी रात्रीचा पाच-पाच येळा उठत हुतो. त्या गोळीनं मला झोप दिली. गोळी बंद करू नका. बंदच करायची तर ती शिडी करा."

मी तीस वर्षे औषधे लिहीत आलो आहे. इतका नेमका सल्ला मला क्वचितच कोणी दिला असेल. गोळी चालू राहिली. तिच्याबरोबरची रक्तदाबाची गोळी मी कमी केली, पाणी वाढवले, उपवासाच्या दिवशी ताक आणि फळे घेण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. त्यानंतर आडवे आणि उभे अशी दोन्ही वेळची तपासणी करूनच मात्रा ठरवली. वाचकहो, येथे थांबून एक विनंती करतो. हा मजकूर वाचून आपली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. आपल्या डॉक्टरांकडे जा आणि "उभा राहिल्यावर माझा रक्तदाब मोजता का?" एवढेच विचारा.

उंचीवर हात घालताना साठीनंतरच्या शरीरात काय काय घडते, हेही थोडक्यात समजून घेऊ. आपला तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, आतला कान आणि तळपायांची जाणीव. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी पाहिली तर ती आहे तेथे दिसत नाही. मान मागे टाकून वर पाहिले की आतल्या कानातले सूक्ष्म कण जागचे हलून काहींना गरगरते. फडताळाच्या वरच्या खणातले काही काढताना चक्कर येते म्हणून किती तरी गृहिणी माझ्याकडे येतात, त्यांतल्या अनेकींचा हाच विकार असतो. दीर्घकाळ मधुमेह असेल तर तळपायांना पायरीची कड नीट कळत नाही. खांद्याच्या वर ओझे उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब आधी चढून मग झटकन उतरतो. यांपैकी एकटे एखादे कारण माणसाला पाडीलच असे नाही. शिडीवर ती सारी एकत्र येतात. त्यात मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होत जातात, म्हणून एरवी मुका मार ठरला असता असा आघात त्यांच्या मनगटाचा, मणक्याचा किंवा खुब्याचा अस्थिभंग करून जातो.

तर शिडी बंद करावयाची ठरली. शेजारी म्हणाले, एखादा तरुण मुलगा बोलवा, शंभर रुपये द्या, काम झाले. मी ते मुलीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे पडणारा माणूस तेवढा बदलला." सामान खाली ठेवावे तर गॅरेजमध्ये पावसाळ्यात ओल आणि बारमाही उंदीर. माणूस वर जावयाचा नसेल, तर सामानानेच खाली आले पाहिजे. विहिरीत उतरून कोणी पाणी आणीत नाही. पोहरा खाली जातो आणि भरून वर येतो. आपल्याला त्याच्या उलटे करावयाचे, असे मी नानांना म्हणालो. नानांचे वडील मोट हाकत. त्यांचे बालपण रहाटाच्या आणि मोटेच्या चाकांच्या आवाजात गेलेले. प्लॅस्टर निघेपर्यंत त्यांच्या मनात त्या पाळण्याचा आराखडा तयार झाला होता. 'पाळणा' हे नावही त्यांचेच.

मला वाटले होते, स्लॅबला चार खिळे-बोल्ट ठोकले, चार कप्प्या लावल्या की झाले. चार कप्प्या म्हणजे ओझेही चौथाई. एका परिचित स्थापत्य अभियंत्याला बोलावले तेव्हा माझे दोन्ही समज गेले. जुन्या स्लॅबला खालून भोके पाडून ओझे टांगू नये, असे त्याने बजावले. आतली सळई गंजून काँक्रीट फुगलेले असले तर बोल्ट ओझ्यासह सुटून येतो. त्याऐवजी त्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींवर काँक्रीटच्या बैठका करून दोन लोखंडी चॅनल आडवे टाकावयास सांगितले. कप्पीबद्दल तो म्हणाला, जागेवर पक्की बसवलेली कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते. ओझे निम्मे होते ते ओझ्याबरोबर हलणाऱ्या कप्पीमुळे, आणि तेव्हा दोर दुप्पट ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

शेवटी ठरले ते असे. लोखंडी अँगलची ६ फूट बाय ४ फूट चौकट, तीवर १२ मिलिमीटरचे प्लायवूड. फळीसकट चौकटीचे वजन सुमारे २७ किलो. चार कोपऱ्यांना चार पोलादी तारा. त्या वरच्या चॅनलवरील चार कप्प्यांवरून मागच्या भिंतीकडे जातात आणि एका जाड जोडपट्टीला मिळतात. त्या पट्टीपासून पुढे एकच तार निघते, आणखी एका कप्पीवरून खाली वळून भिंतीवरच्या हातरहाटाला गुंडाळली जाते. चारही तारा एकाच पट्टीने ओढल्या जात असल्याने पाळणा सपाट राहतो. चार तारा ओझे वाटून घेतात, पण पट्टीपुढची एकटी तार सारे ओझे वाहते. म्हणून हिशेब तिच्यावरून करावयाचा. पाळणा आणि सामान मिळून १०० किलो धरले, तर तार निदान त्याच्या पाचपट पेलणारी हवी. आम्ही ५ मिलिमीटर जाडीची घेतली, ती याहूनही पुष्कळ अधिक पेलते. प्रत्येक टोकाला तीन-तीन यू-क्लॅम्प बसवले. क्लॅम्पची चपटी बैठक ओझ्याच्या तारेवर यावी आणि वाकडी कडी उरलेल्या टोकावर. उलट बसवले तर ओझ्याचीच तार चेचली जाते.

एवढे सारे शहाणपण विकत घेऊनही मी एक चूक केलीच. हातरहाट स्वस्तातला घेतला. दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी, असा तो साधा प्रकार. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पहिल्यांदा वाळूची पोती घालून पाळणा वर नेला. सुरेख गेला. खाली आणण्यासाठी मी दांडा धरून खिट्टी उचलली आणि क्षणात दांडा माझ्या हातातून सुटला. तो असा गरगरू लागला की दिसेनासा झाला. तो पकडावा म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला. त्याच क्षणी नानांनी मागून माझा शर्ट धरून मला खेचले. पाळणा दणकन खाली आदळला, एक पोते फुटले.

गॅरेजमध्ये धूळ खाली बसेपर्यंत कोणी बोलले नाही. मग नाना म्हणाले, "रहाट सुटला तर दांड्याला हात घालायचा न्हाई, साहेब. आमच्या गावात एकाचा हात असाच मोडला हुता. सुटू द्यायचा. पोहरा बुडला तर बुडला." ज्या माणसाला मी शिडीवर चढवले होते, त्याने माझा हात वाचवला. ते वाक्य बोलताना त्यांचा उजवा हात नकळत डाव्या मुठीत होता. प्लॅस्टर निघून तीनच महिने झाले होते.

नंतर कळले की, तसले रहाट गाडी किंवा होडी ओढण्यासाठी असतात. ओझे उचलून टांगण्यासाठी नसतात. आम्ही तो काढून टाकला आणि वर्म-गिअरचा हातरहाट आणला. त्यात स्क्रूसारखा एक दंड दातेरी चाकाला फिरवतो. चाक मात्र त्या दंडाला उलटे फिरवू शकत नाही. दांडा कोठेही सोडून दिला तरी ओझे तेथेच थांबते. तो संथ आहे. पाळणा ६ फूट खाली येण्यास आठ-दहा मिनिटे लागतात. ही संथपणाची किंमत आम्ही आनंदाने देतो.

आणखी एक अडचण अभियंत्याने काढून दिली. पाळणा वर गेला की त्याचे ओझे रहाटावर महिनोन् महिने ठेवू नका. चार कोपऱ्यांना चार साखळ्या अडकवा, म्हणजे तार तुटली तरी पाळणा खाली येणार नाही. बरोबरच होते. मी साखळ्या आणल्या आणि त्या अडकवण्यासाठी, हसू नका, शिडी आणावयास निघालो. नानांनी घरून आंबे उतरवण्याची आकडी आणली. बांबूच्या टोकाला लोखंडी वाकडा हूक. जमिनीवर उभे राहून ते साखळीची कडी आकडीने उचलून चौकटीच्या हुकात अलगद सोडतात. तीस वर्षे माळ्यावर चढणाऱ्या माणसाने पाय जमिनीवर ठेवून काम करण्याची युक्ती काढली, आणि मी शिडीकडे निघालो होतो. सवय ही अशी असते.

मग परीक्षा. पाळण्यावर ७५ किलोंहून अधिक सामान ठेवावयाचे नाही असे ठरवले होते, म्हणून पाण्याचे २० लिटरचे सहा कॅन भरून, म्हणजे १२० किलो घालून, तो एक वीत उचलून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तारा, क्लॅम्प, चॅनलच्या बैठका पाहिल्या. काही सरकले नव्हते. जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकट आखली. पाळणा हलत असताना तिच्या आत कोणी पाऊल ठेवावयाचे नाही. दांडा काढून दवाखान्यातल्या कपाटात कुलपात ठेवतो, म्हणजे मुले त्याच्याशी खेळणार नाहीत. पाळणा खाली येऊन थांबतो तो जमिनीपासून अडीच फुटांवर, कमरेच्या थोडा खाली. सामान चढवताना वाकावे लागत नाही आणि उतरवताना हात डोक्यावर न्यावे लागत नाहीत. वर्षातून एकदा, गणपतीच्या महिनाभर आधी, फॅब्रिकेशनचे काम करणारा कारागीर आपली परात बांधून कप्प्यांना वंगण देतो आणि तारेचा एखादा धागा तुटला आहे का ते पाहतो. उंचीवरचे काम पूर्णपणे संपले असे मी म्हणणार नाही. ते त्याची साधने असलेल्या माणसाकडे गेले.

एकूण खर्च सुमारे २२,००० रुपये आला. तो सर्वांनी करावा असे माझे सांगणे नाही. अभियंत्याला दाखवल्याशिवाय तर कोणीच करू नये. पण पाळणा भरण्याआधी आम्ही जे केले, ते आपण बिनखर्चात करू शकाल. माळ्यावरची प्रत्येक वस्तू आम्ही दवाखान्यातल्या वजनकाट्यावर ठेवली. पुस्तकांची ट्रंक ३१ किलो भरली. एवढे ओझे नाना वर्षानुवर्षे डोक्यावरून उतरवीत आले होते आणि त्याचे वजन किती, हे कोणी विचारले नव्हते. पुस्तके वाचनालयाला दिली. वडिलांची कागदपत्रे दोन संध्याकाळी बसून चाळली, एक पेटी ठेवली, चार रद्दीत गेल्या. आईचे घंगाळ वर ठेवण्याऐवजी अंगणात ठेवले. त्यात आता कमळ आहे. पाळण्यावर शेवटी गेले ते ४६ किलो, आणि त्यांतले निम्मे मखर व गाद्या.

ज्यांच्याकडे गॅरेज नाही, त्यांनी एवढे करावे. जड वस्तू गुडघा ते छाती या उंचीत ठेवा. माळ्यावर फक्त हलके आणि वर्षातून एकदाच लागणारे सामान असू द्या. खुर्ची, प्लॅस्टिकचे स्टूल, उलटा ठेवलेला डबा, यांवर कोणत्याही वयात चढू नका. उपवासाच्या दिवशी, नवीन औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे, किंवा घरात एकटे असताना तर शिडीला हात लावू नका. आणि घरातले कोणी पडलेच, तर त्याला घाईने उठवून उभे करू नका. पाय आखूड दिसत असेल, पंजा बाहेर वळला असेल, त्यावर भार देता येत नसेल, तर तो खुब्याचा अस्थिभंग समजून तसेच आडवे रुग्णालयात न्या. तेल चोळणे, ओढणे टाळा. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर तो बरा दिसत असला तरी त्याच दिवशी दाखवा. वयस्कांच्या कवटीत रक्त कधी कधी फार हळू साठते. पडल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी डोके दुखू लागले, वागणे बदलले, चालताना तोल जाऊ लागला, तर ते पडणे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

गेल्या भाद्रपदात पाळणा दुसऱ्यांदा उतरला. मोटार बाहेर काढली, नानांनी आकडीने साखळ्या सोडवल्या आणि दांडा हाती घेतला. मी म्हणालो, "नाना, द्या इकडे, मी फिरवतो." ते म्हणाले, "निम्मं तुमी, निम्मं मी." त्यांचे मनगट आता पूर्वीइतके वळत नाही, थंडीत दुखते. ते दुखले की ते सांगत नाहीत, डाव्या हाताने औषधांच्या पुड्या बांधू लागतात, त्यावरून मला कळते. सत्तावीस वर्षे ते पुड्या बांधत होते आणि मी असे काही पाहत नव्हतो.

परवा एक आजी आल्या होत्या. वय ७२, रक्तदाब, मधुमेह. सारे विचारून झाल्यावर मी त्यांना विचारले, "आजी, तुमच्या घरी माळ्यावर कोण चढते?" त्या म्हणाल्या, "कामाला बाई येते की. ती चढते." मी विचारले, "तिचे वय काय?" आजींना माहीत नव्हते. "ती कसली गोळी घेते का?" तेही माहीत नव्हते.

मी म्हणालो, "तिला एकदा घेऊन या. तिचा रक्तदाब बघू, आडवे झोपवून आणि उभे करून." त्या आल्या, दोघीही. नानांनी त्या बाईला टेबलावर झोपवले, पट्टा बांधला आणि घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे मोजली.

वाचकहो, आपल्या घरी कोण चढते?